पाहणी

खोलीत पाच खुर्च्या, एक पांढरी भिंत,
तिपाईवर कॅमेरा, आणि एक पंखा
दर फेऱ्याला काही विसरल्यासारखा अडखळणारा.
रेसिफेतली सकाळ. खिडकीबाहेर नदीला ओहोटी,
चिखलात खेकड्यांची ये-जा.

आमचं काम पाहण्याचं.
न्यायालयात लिपिकांच्या जागा निघाल्यात, त्यांतल्या काही राखीव.
'मी काळा', 'मी मिश्रवर्णी' असं ज्यांनी अर्जात लिहिलं
त्यांना समोर उभं करायचं
आणि सांगायचं, हो की नाही.
नियम साधा आहे: दिसेल तेवढंच पाहा.
रक्त नको, आडनाव नको, वंशावळ नको.
केस, नाक, ओठ, कातडी.
हे मोठ्यानं वाचताना
दरवेळी मला पाण्याचा घोट लागतो.

मी लिंदिनाल्वा. टपाल खात्यात एकोणतीस वर्षं,
खिडकी क्रमांक दोन.
पहिलं वर्षभर माझी रांग आखूडच राहिली.
तीन नंबरपुढे माणसं पार दारापर्यंत,
माझ्यापुढे एखादी घाईतली बाई,
नाहीतर चष्मा घरी विसरलेले म्हातारे.
साहेब म्हणायचे, बरंय की, तुला आराम.
त्या लांब रांगेतल्या कुणालाही
नियमावली लागली नव्हती.
दारातून एक नजर
आणि पाय आपसूक तिसऱ्या खिडकीकडे.

म्हणून या कामाला मी हो म्हटलं.
ती नजर माझ्या ओळखीची आहे.
उसनी घेऊन वापरता येईल, वाटलं,
शेजाऱ्याची शिडी आणावी तशी.

आज सकाळी पहिला आला तो
आठवडाभर समुद्रावर भाजून आलेला,
वरून तांबूस, कॉलरच्या आत दुधासारखा.
कागद सरकवताना एदमिल्सन खोकला.
ते सोपं होतं.

मग बेझेर्रा. दोघे. एकाच पोटचे,
दीड वर्षाचं अंतर, एकाच दिव्याखाली अभ्यास केलेले,
लेखीत दोन गुणांनी पुढे-मागे.
जुरांदीर आत आला, भिंतीला टेकला नाही,
नाव सांगितलं, निघून गेला.
आमची पाचही डोकी एकदम खाली, सही करायला.

जोसिमार धाकटा.
आईकडचा ओठ, बापाकडचा रंग,
आणि केस असे की कुठल्या बाजूनं साक्ष देतील सांगवत नाही.
खिशातून त्यानं फोटो काढला.
"ही माझी आजी," म्हणाला. "उसाच्या मळ्यात होती."
फोटो पाहायचा नाही, असं त्याला सांगणं
माझ्या वाट्याला आलं.
हात लांबवलेला तसाच राहिला थोडा वेळ.
फोटोतली बाई मात्र
आमच्याकडे बघत होती, सरळ.

तीन विरुद्ध दोन.
माझं मत तिनात.
दुसऱ्या खिडकीत हा बसला असता
तर रांग आखूड झाली नसती,
एवढंच मी स्वतःला विचारलं होतं.
अपिलाचा कागद दिला त्याला.
त्यानं तो चार घड्या करून
फोटोजवळ ठेवला.

पाचला सुटले.
फाटकाशी नवा पहारेकरी, वीस-बावीसचा,
स्वतःच जुरांदीरच्या रंगाचा.
दोघे भाऊ पुढे चालले होते, टॅपिओका खात,
एका कागदातून.
पहारेकऱ्यानं हात आडवा केला.
"ओळखपत्र."
जुरांदीरला.
जोसिमारसाठी हात उचललाच गेला नाही,
तो एव्हाना फाटकाबाहेर दोन पावलं.

मला वाटलं, बघ, लिंदिनाल्वा, बरोबर होतीस तू.
असं बरोबर असणं
तोंडात खडा आल्यासारखं.

जोसिमार थांबला. मागे आला.
बोटं पँटला पुसली,
आणि कुणी मागितलं नसताना
आपलं ओळखपत्र काढून
भावाच्या ओळखपत्राशेजारी धरलं.
पहारेकरी गोंधळला. एक पाहिलं, मग दुसरं,
आडनावावर अंगठा ठेवून.

मी पर्स उघडली
आणि माझं शोधू लागले.