मिठाची रेघ

त्या हिवाळ्यात वीज यायची आठवड्यातून दोनदा,
तीही घाईतल्या पाहुण्यासारखी, कोट न काढता.
त्बिलिसीहून पगार नव्हता, डिझेल नव्हतं.
उतारावरचे पाइन तोडून लोकांनी जाळले,
वेधशाळेतली दोन कपाटंही आम्ही जाळली,
पुस्तकं मात्र नाही. लामारा म्हणाली,
पुस्तकं सगळ्यांत शेवटी,
आणि त्यातही आधी माझा प्रबंध.

धूमकेतू मावळतीला होता,
सूर्यामागोमाग डोंगराआड उतरणारा.
रोज पस्तीस मिनिटं हाती लागायचा.
बादरी साखळी ओढून घुमट फिरवायचा,
अडेल बैलाला द्याव्या तशा त्याला शिव्या देत.
घुमट कुरकुरायचा, वीतभर सरकायचा,
आणि फटीत यायचं आकाश, आकाशात तो:
शेपूट म्हणावं असं फार नव्हतंच,
काचेवर कुणी श्वास सोडावा
तेवढा डाग.

पाट्या उरल्या होत्या सात.
काचेच्या, मुदत संपून चार वर्षं झालेल्या.
खोक्यावर ज्या देशाचं नाव छापलं होतं
तो देशही आता नव्हता.

माझं काम तुलनेचं.
परक्या उजेडाशेजारी ओळखीचा उजेड उमटवायचा,
म्हणजे कळतं, कुठली रेघ कुणाची.
एरवी लोखंडाच्या दोन कांड्यांत ठिणगी पेटवतात,
पण ठिणगीला वीज लागते.
मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं,
आणि स्वयंपाकाचा डबा उघडला.
राजम्यासाठी राखलेलं मीठ, जाडं, करडं.
स्पिरिटच्या ज्योतीत चिमूट सोडली,
कुणाची दृष्ट काढावी तशी.
ज्योत पिवळी झाली, आणि तिच्या उजेडात
बादरीचे लाल गाल राखेसारखे.
काय झालं? त्यानं विचारलं.
काही नाही, म्हटलं, जिवंत आहेस.

पस्तीस मिनिटं लामारा नळीला डोळा लावून.
दोन बोटांनी चाक फिरवत,
श्वास खांद्यावरून मागं सोडत,
तो डाग केसाएवढ्या फटीवर धरून ठेवत.
मधेच म्हणाली, माझा पाय आहे का बघ गं,
मला लागत नाहीये.

पाटी धुतली मिट्ट काळोखात.
तिला लाल दिवाही खपत नाही.
ओढ्यावरचं बर्फ फोडून आणलेलं पाणी,
चुलीवर कोमट केलेलं,
आणि घड्याळाऐवजी मनातले आकडे.
दोनशे बाराला मी चुकले, पुन्हा दोनशेपासून मोजले.

पाटीवर रंग नसतात. सगळं काळं.
रंग जागेवरून ओळखायचा.
जांभळ्याच्या जागी ते विष,
ज्याच्या धसक्यानं कधीकाळी लोकांनी
खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या होत्या.
हिरव्याच्या जागी कार्बनचे पट्टे,
एका कडेला धारदार, दुसरीकडं विरत गेलेले.
आणि पिवळ्याच्या जागी
दोन रेघा, जवळजवळ,
त्यांच्या खाली माझ्या दोन.
मीठ.
तिकडं मीठ.

एकाखाली एक, अगदी तंतोतंत, मी म्हटलं.
लामारानं भिंग माझ्या हातात दिलं. नीट बघ.
नव्हत्या तंतोतंत.
त्याच्या रेघा लालकडं सरकलेल्या,
नखानं दाखवता येणार नाही इतक्या.
म्हणजे निघालाय, ती म्हणाली.
शाई गोठली होती, म्हणून वहीत पेन्सिलीनं लिहिलं:
सेकंदाला बावन्न किलोमीटर, आपल्यापासून दूर.
तिचा मुलगा सप्टेंबरात बसनं त्राब्झोनला गेला,
तो वेग कुणी मोजला नव्हता.
ती पेन्सिल थोडा वेळ तशीच धरून बसली.

खाल्ल्या मिठाला जागतात माणसं;
आम्ही न खाल्लेल्या मिठाला जागलो,
उजाडेपर्यंत, एकाच भिंगासाठी भांडत.
मग राजमा खाल्ला. अळणी.
बादरीनं वाडगा पावानं पुसून घेतला
आणि म्हणाला, त्या वरच्याला सांगा,
आमचं परत कर.

पाट्या उरल्या सहा.
मीठ उद्या खालच्या नोनाकडून मागून आणू.
कशाला हवं, ते विचारलंच तिनं,
तर बादरी सांगेल. त्याला जमतं.