भांड्यांची वही

वही खजूरी बाजारातली, लाल कापडाच्या बांधणीची,
मुनीमजी वापरत तसली, वर उघडणारी.
पहिल्या पानावर श्री,
आणि श्रीला श्वास घ्यायलाही वेळ न देता खाली :
"सराटे. मोठी परात १, झारे २.
झारा एकच आला."

लग्न होऊन मी साताऱ्याहून इंदूरला आले
तेव्हा रामबागेतल्या त्या तीन खोल्यांत
माणसांपेक्षा पातेली जास्त होती.
पलंगाखाली पातेली, माळ्यावर घंगाळं,
आणि दाराआड एक कढई एवढी
की धाकटा पुतण्या तिच्यात बसून पाढे म्हणे.
मी विचारलं, आपला आचाऱ्याचा धंदा आहे का?
सासूबाई म्हणाल्या,
"नाही ग. लोकांचं आहे. आपल्याकडे राहून राहिलंय."
मला त्या मराठीचं हसू आलं.
ते त्यांनी पाहिलं, आणि मला परात घासायला दिली.

सगळी गल्ली त्यांना जिजी म्हणे.
अकरा बायका, महिन्याला आठ आणे,
आणि बर्तन बाजारातून पहिलं पातेलं आलं ते हातगाडीवर,
अकराही जणी मागून चालत,
वऱ्हाड असावं तशा.
काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव : रामबाग महीला मंडळ.
'हि' दीर्घ पडला म्हणून जिजींनी
नाव घालणाऱ्याचे चार आणे कापले.

भाडं नव्हतं. अटी दोन :
भांडं चिंचेनं घासून आणायचं,
आणि रिकामं आणायचं नाही.
वहीत त्याचाही रकाना आहे.
सियागंजचे सैफुद्दीनभाई, मुलीचं लग्न : पसाभर बदाम.
दूधवाले पहाडसिंग, आईचा नुक्ता : गूळ.
गुळवणी, मुंज : चार लिंबं, त्यातलं एक किडकं.
आणि एका नावापुढे, जे मी इथे लिहिणार नाही :
"काही नाही. विचारू नये."
त्याच नावावर पुढच्या दोन वर्षांत
पाच वेळा परात गेलेली,
घरात कुठलंही कार्य नसताना.
परात जाताना रिकामी गेली नसणार,
हे कळायला मला वही पुन्हा पुन्हा वाचावी लागली.

कर्फ्यूच्या आठवड्यात एकच ओळ :
"सर्व भांडी आपल्याच अंगणात. माणसे मोजली नाहीत."

मोजणं हा त्यांचा स्वभाव, म्हणून सांगते.
नवरी निघताना मांडवात सगळे रडत,
जिजी पळ्या मोजत.
त्या एका झाऱ्यावरून सराटेबाईंशी नऊ वर्षं अबोला,
आणि बाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा रोज पेज,
अबोला न मोडता :
डबा उंबऱ्यावर ठेवायचा, कडी वाजवायची,
निघून यायचं.

त्या गेल्या तेव्हा मुलांनी हॉल घेतला.
भांडी केटररची, ताटं फेकायची.
कल्हई गेलेली पातेली माळ्यावरच राहिली.
तेराव्याला उन्हं कलताना सराट्यांचा नातू आला,
पेपरात गुंडाळलेलं काहीतरी काखेत.
"आजीनं सांगून ठेवलं होतं, नंतर नेऊन द्या म्हणून.
जिजींसमोर यायची हिंमत नव्हती."
झारा. चिंचेनं घासलेला.
दांड्याला दोऱ्यानं बांधलेली साखरेची पुडी.

मी वही काढली.
त्यांच्या अक्षराशेजारी माझं अक्षर
परगावच्या पाहुण्यासारखं अंग चोरून बसलं :
"झारा १, आला. साखर."

परवा कोपऱ्यावरच्या नव्या बिल्डिंगमधून एक मुलगी आली,
बहिणीचं डोहाळजेवण आहे, मोठी परात तुमची आहे म्हणे?
"नाही ग," मी म्हणाले, "लोकांची आहे.
आपल्याकडे राहून राहिलीय."
ती हसली.
मी विचारलं, घरी चिंच आहे का?