रकाना सातवा

कौहावाच्या पुढे, जिथे उन्हाळ्यात उजेड
डबक्यासारखा साचून राहतो, त्या सपाट मुलखात
ओइवाच्या शेडच्या आठ रांगा.
वर पत्रा, दोन्ही बाजू उघड्या,
आणि जमिनीपासून हातभर वर टांगलेली जाळी.
मला ताशी पगार होता, बघण्याचा.
दर पाच मिनिटांनी एक खूण:
झोपला. बसला. खाल्लं. पाणी. येरझारा. जाळी चावली.
सातवा रकाना, इतर.

पिंजरा एकशे चौदा. निळा कोल्हा, नर, जन्म मे महिन्यातला.
निळा म्हणायचं; रंग ओल्या राखेचा.
डावीकडे तीन पावलं, वळण,
उजवीकडे तीन पावलं, वळण,
वळताना मान दर वेळी त्याच जागी वर,
खुंटीला अडकलेलं काही सोडवावं तशी.
ऑगस्टच्या एका सकाळी मी चारशेपर्यंत मोजलं,
मग दिसलं, टेबलाखाली माझाच पाय हलतोय.

मध्येच तो उकरायला लागे.
पुढचे दोन्ही पाय, झपाझप, तारेवर.
थांबे. नाक खाली घालून बघे
किती खोल गेलंय.
खाली हातभर हवा, तिच्याखाली त्याचीच विष्ठा.
आपण म्हणतो, पायाखालची जमीन सरकली.
त्याच्या पायाखाली ती कधी आलीच नव्हती.
हे कुठल्या रकान्यात, मी विचारलं.
डॉक्टर हेलवी फोनवर म्हणाल्या, इतर.

सप्टेंबरात त्याला मागच्या कुंपणात हलवलं.
पंधरा मीटर लांब, खाली वाळूमिश्रित माती, एक ओंडका.
दोन दिवस तो लाकडी उंबरठ्यावरच.
मातीवर एक पंजा ठेवी
आणि तापल्या तव्यावरून उचलावा तसा उचलून घेई.
तिसऱ्या रात्री कॅमेऱ्यात नुसतं शेपूट दिसत होतं,
बाकीचा कोल्हा जमिनीत.

येरझारांचा रकाना रिकामा होत गेला.
आणि तो मला घाबरू लागला.
जाळीवर होता तेव्हा हातातून बिस्किट घ्यायचा,
आता माझे बूट वाजले की बिळात.
तक्त्यात, भीती: शून्यावरून चार.
ओइवा सुखावला. ‘‘बघ, तिथेच बरा होता की. माणसाळलेला.’’
ओइवा वाईट माणूस नाही.
आजारी पिल्लू स्वयंपाकघरात आणतो,
शेगडीजवळ खोक्यात ठेवतो, रात्री दोनदा उठतो.
मी काही बोलले नाही. आकडे त्याच्या बाजूचे होते.

लपायला जागाच नसेल
तर घाबरून तरी करायचं काय?

नोव्हेंबरअखेर शेड रिकाम्या झाल्या.
कशा, ते बघण्याचा पगार मला नव्हता.
मागचं कुंपणही रिकामं.
बीळ तेवढं राहिलं, कडेला बर्फाची बारीक झालर.
कोणी बघत नाही असं पाहून
मी पालथी पडले, हात आत घातला, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत.
शेवट लागला नाही.
आत बाहेरच्यापेक्षा जरा ऊब होती.