गळ्याचा व्यास

सिन्नर, माळेगाव एमआयडीसी, शेवटून दुसरा गाळा.
पत्र्यावर अजून आधीच्या मालकाची पाटी,
त्यातलं 'स्प्रिंग' एवढंच वाचता येतं.
आत आमचा रिअ‍ॅक्टर उभा,
दोन पुरुष उंच, पोटाला सुटलेला, गळ्याशी बारीक.
खातो काय, तर पिंपळगावची द्राक्षकाडी,
खरड छाटणीनंतर बांधाला पडून असते ती.

काडी वरून पडते, मधे आग, वायू खालून निघतो
आणि शेजारच्या भट्टीत अ‍ॅल्युमिनियम वितळवतो.
असं कागदावर.

प्रत्यक्षात पहिले अकरा महिने
आम्ही वायू कमी आणि डांबर जास्त काढलं.
गोरखनाथ सानप फ्लँज उघडायचा,
करंगळी आत घालून नाकाशी धरायचा.
"ओली काडी, मॅडम. सोमवारची गाडी."
मी आर्द्रता मोजायची : बावीस टक्के.
गाडी सोमवारचीच असायची.

जाळणं काय, कुणालाही येतं.
अर्धवट जाळणं शिकावं लागतं.
पुरतं जळायला जेवढी हवा लागते
त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आगीला थांबवायचं,
ताट समोर ठेवून हात धरायचा,
आणि तिची ती उरलेली भूक
पाइपातून शेजारी पाठवायची.

आमची आग मधोमध थंड होती.
पाच नळ्यांची हवा कडेकडेनं पेटायची,
मधून धूर तसाच निसटायचा, न तापलेला, चिकट.
गळा दोनशे दहा मिलिमीटर.
मी आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले,
एका रविवारी बहिणीच्या साखरपुड्यात
पत्रावळीच्या मागे मांडले.
एकशे साठ.

अंबडला रात्रपाळीत इब्राहिम तांबोळीनं
रिफ्रॅक्टरीचं नवं कडं ओतलं.
नळ्या सात केल्या. विषम,
म्हणजे कुठलीच कुणाच्या तोंडावर फुंकत नाही.
हवा आत जाण्याआधी बाहेरच्या गरम कवचातून फिरवली.
तरी जाळी तुंबायची.
वेलीला घातलेलं पोटॅश राखेत परत यायचं,
वितळायचं, हिरव्या काचेसारखं बसायचं;
सानप पहारीनं फोडायचा, शिव्या मोजक्या.
म्हणून हवेबरोबर थोडी वाफ सोडली, किटलीच्या तोंडची असते तशी.
काच धरेना. हायड्रोजन चार टक्क्यांनी वर.

सोळा तारखेला, दुपारी, बर्नर लावला
आणि ज्योत दिसेना.
विझली समजून तांबोळी वाकला,
भुवई भाजून घेतली.
होती ती. निळी, उन्हात विरघळलेली.
फिल्टर उघडला : बोटाला कोरडी काजळी,
डांबर नाही.
मी अहवालाला मथळा दिला आणि खूप वेळ काहीच लिहिलं नाही.

सगळे पेढे खात होते.
सानप पाइपाशी उभा, नाक लावून.
"वास गेला," म्हणाला.
मी म्हटलं, हो ना!
तो हसला नाही.
"गळती व्हायची तेव्हा डांबर ओरडायचं, मॅडम.
आता कोण ओरडणार?"

मार्चमध्ये तांबोळी जिन्यावर बसला होता,
डोकं धरून, ओठ लालबुंद,
आणि आम्ही ऊन लागलं म्हणत होतो.
सानपनंच वास काढत वाल्व्ह शोधला होता.

आता प्रत्येकाच्या कमरेला पिवळी डबी आहे.
पस्तीसला वाजते. महिन्यातून एकदा
मी तिला मुद्दाम विष हुंगवते, वाजते का बघते.
नोंदवहीत सही करते.

आणि सानप, डबी कमरेला असूनही,
रोज सकाळी पाळी सुरू होताना
प्रत्येक जोडापाशी थांबतो, वाकतो,
ज्याला वास नाही त्याचा
वास घेतो.
मी त्याला अजून थांबवलेलं नाही.