कडी

शब्बाथ शाळेत त्या रविवारी तारवाचा धडा होता.
मी फ्लॅनेलच्या फळ्यावर प्राणी लावत होते, जोडीजोडीनं,
जिराफाची मान दुमडलेली, हत्तीला एकच कान उरलेला,
आणि तिसऱ्या बाकावर सुवार्ता आवळे उभी राहिली.
"टीचर, एक विचारतो,"
आमच्या कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसं, पोरग्यासारखं,
"तारवाची कडी आतनं हुती का भाईरनं?"

मी म्हटलं, दार देवानं लावलं.
"मग भाईरच्यांनी ठोकलं आसंल की.
ते आत ऐकाय आलं का?"

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.
ती सुरू होत नव्हती.
मी म्हटलं, असं विचारू नये, बाळ.
आणि कबूतर लावलं फळ्यावर.
ते चिकटेना.

सुवार्ताचं घर सुतारमळ्यात.
पंचगंगा दरवर्षी आधी त्यांच्याकडे येते, मग पेपरात.
यंदा चर्चच्या हॉलात एकशे दहा माणसं होती, तीन शेळ्या,
आणि पिशवीत गुंडाळलेलं एक शिवणयंत्र.
यादी माझ्याकडे. भाकऱ्या मोजून, सतरंज्या मोजून
रात्री दोनला कडी मीच लावली.
मग दार वाजलं.
आधी हातानं, नंतर कशानं तरी,
छत्रीचा दांडा असावा.
मी आतूनच म्हटलं, जागा नाही, पुढं शाळेत जा.
शाळेत जागा होती. सकाळी मी खात्री करून घेतली.
कुणाला सांगितलं मात्र नाही.
दाराला सगळ्यात जवळ सुवार्ता झोपली होती,
आईच्या पदरात तोंड खुपसून.
झोपली होती
असं मी धरून चालले.

शांतवन उद्यमनगरात कास्टिंग तपासतो, सत्तावीस वर्षं.
छोटी हातोडी, एक टोला, मग कान.
भरीव असेल तर घंटेसारखा नाद.
आत पोकळी असेल तर बद्द.
रात्री जेवताना त्याला सांगितलं, पोरीनं असं असं विचारलं.
तांबड्या रश्श्यात भाकरी बुडवत तो म्हणाला,
"ठोकल्यानं कास्टिंग फुटत नाही.
फुटलंच, तर ते आधीच फुटलेलं असतं."
मग म्हणाला, "मीठ दे."

गुडघे टेकले, आणि पाठ असलेले शब्द
दयाळू पर्यंत येऊन थांबले.
ज्याच्याविषयी मी इतकी वर्षं शिकवते
तो बारा वर्षांचा पोर असताना मंदिरात
शास्त्र्यांच्या घोळक्यात बसून काय करत होता?
विचारत होता.
घरच्यांना तीन दिवस घोर लावून विचारत होता.
ठोका, असं आपल्या लोकांना सांगून गेला तोही तोच.
आणि शेवटी लाकडावर, भरदुपारच्या अंधारात,
का, म्हणून ओरडला.
वरून उत्तर आलं नाही.
पण असं विचारू नये, बाळ,
असंही कुणी म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी सुवार्ता आली नाही.
त्याच्या पुढच्या रविवारी आली, शेवटच्या बाकावर,
चपलेचा अंगठा शिवून घेतलेला.
मी फळा काढलाच नाही.
म्हटलं, सुवार्ता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही.
पण त्या रात्री दार ठोकलेलं मला ऐकू आलं होतं.
ती खाली बघत म्हणाली, "मलाबी."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग योएलनं हात वर केला:
कबुतराला परत यायचंच नसतं तर?
मग धाकटी केतुरा: माझी आज्जी
बाप्तिस्मा घ्यायच्या आदल्या दिवशी गेली,
ती कुठल्या रांगेत?
मग कुणीतरी, अगदी गंभीरपणे:
तारवात शेण कोण काढायचं?
सगळी हसली. सुवार्तासुद्धा, थोडी.

उपासनेची घंटा झाली.
पाळकसाहेब दारात येऊन घड्याळ दाखवू लागले,
मंडळी बसली आहे, म्हणाले, आज पोरांचं गीत नाही का?

मी म्हटलं, जरा थांबा.
अजून चार हात वर आहेत.