उभे बारा

आम्ही पाच जण. चेहरे माहीत नाहीत.
नावं घेतली ती शब्दकोड्यातून:
आडवे सात लातूरची, उभे तीन कुठल्याशा बंदरावर,
आडवे एकोणीस निवृत्त, गुडघ्यांसकट,
काळा चौकोन, जो बोलतच नाही,
आणि मी, उभे बारा.

सव्वासहाला कोडं येतं फोनवर.
त्या वेळी धायरीत आमच्या गल्लीत टँकर येत नसतो.
म्हणजे निघालेला असतो, नऱ्ह्यात असतो, वळणावर असतो,
सगळीकडे असतो, फक्त टाकीपाशी नसतो.
आणि सेक्रेटरी मी,
कारण मीटिंगमध्ये मी चहा बघायला उठले
तेवढ्यात ठराव पास झाला.

'जिवाची अस्वस्थता. चार अक्षरी. तिसरं म.'
मी लगेच लिहिलं: घालमेल.
आडवे एकोणीस म्हणाले, मे नव्हे, म. तगमग.
बसलं.
मग थोड्या वेळाने, खाली वेगळं:
पण तुला घालमेल आधी का आठवलं?

आता काय सांगायचं.
सासऱ्यांची शुगर, वडगावच्या पुलावरचा पाऊण तास,
दार लावून बसलेला मुलगा, जो जेवायला हो म्हणतो
आणि येत नाही,
ऑफिसातला तो नवीन तक्ता, ज्यात माझं नाव
दर महिन्याला लाल रंगात.
काहीच मोठं नाही गं, असं लिहून
मी एवढं मोठं लिहिलं की अंगठा दुखला.

आमचा एक नियम आहे: सल्ला द्यायचा नाही.
देईल त्याने दुसऱ्या दिवशी कोड्याला हात लावायचा नाही.
म्हणून आडवे सातने नुसता तव्याचा फोटो पाठवला,
भाकरी एका बाजूने करपलेली.
उभे तीनने लिहिलं, इथे रात्र आहे, मी जागाच आहे.
काळ्या चौकोनाने टाकलं एक टिंब.
त्याचं टिंब म्हणजे, वाचलं.
कधीकधी ते टिंब दिवसभर पुरतं,
खिशातल्या सुपारीसारखं.

मग आषाढातल्या एका सकाळी
त्याचा आवाज आला. पहिल्यांदाच.
'आज कोडं जमणार नाही. हिचा रिपोर्ट यायचाय.
तुम्ही आपले बोलत राहा काहीतरी.
मी वाचतो.'
आम्ही बोलत राहिलो. दोडक्याच्या शिरांची चटणी,
गुडघ्याचा पट्टा, जहाजावरचं एक मांजर,
कोणीच विचारलं नाही, कसला रिपोर्ट.

रात्री भांडी आवरून मी तो आवाज परत लावला.
त्याच्या वाक्यांच्या मागे
टँकर मागे घेतानाची ती पिपाणी,
वॉचमनचं 'येऊ द्या, येऊ द्या, बास',
आणि एक बाई.
कोणावर तरी तोंड सोडलंय तिने,
'माणसं आहोत की कोण आम्ही, दोन तास झाले.'
तीनदा ऐकलं.
ती मी होते.

इतकी कर्कश आहे मी?
आणि हा रोज हे ऐकून
पंधरा मिनिटांनी मला टिंब पाठवतो?

समोरच्या बिल्डिंगला बेचाळीस खिडक्या.
सकाळी जिन्यावरून उतरताना मोजल्या.
एकीत ओला टॉवेल, एकीत कोरफड, एकीत कोणीच नाही.
विचारावं वाटलं. मग वाटलं, नको,
तो चौकोन आहे तसा भरलेलाच बरा.

टँकर आला, उशिरानेच.
ड्रायव्हर खाली उतरला, माझ्याकडे बघून
शिव्यांसाठी मान आधीच खाली घालून उभा.
घशापर्यंत आलेलं सगळं
मी तिथेच थांबवलं. सोपं नव्हतं.
म्हटलं, चहा घेणार का?
तो गडबडला. पाईप हातातून सुटला,
माझी चप्पल भिजली.

तेवढ्यात फोन थरथरला.
सहा वाजून पाच.
कोडं यायला अजून दहा मिनिटं होती.

एक टिंब.