प्लॉट ब

बोरामणीच्या अलीकडे, द्राक्षबागेच्या टोकाला
हौदाशेजारी एक कोपरा आहे.
तिथं हरळीसुद्धा धरत नाही,
मुंगी वळसा घालून जाते.
श्रीशैलकाका वीस वर्षं तिथंच पंप धुतात.
तीन पाणी पंपाला, चौथं हातांना,
मग हात हुंगून परत एकदा.

"तिथली कशाला गं? बांधावरची घे, चांगली हाय."
दोन्ही घेतल्या.
बांधावरच्या पिशवीवर लिहिलं अ, कोपऱ्यातल्या पिशवीवर ब.
एसटीत मांडीवर धरून बसले.
शेजारच्या बाईंनी विचारलं, "प्रसाद का?"

क्षारांच्या पाण्यात दोन्ही ढवळल्या.
खायला फक्त क्लोरपायरीफॉस.
साखरेचा कणही नाही.
इनक्युबेटर तीस अंशांवर ठेवायचा
आणि बाहेर त्रेचाळीस.
दोनदा वीज गेली, दोनदा
बाबांच्या मागावरचा टॉवेल ओला करून
त्या पेटीला गुंडाळला,
ताप चढलेल्या पोराला गुंडाळावा तसा.

अ चौथ्या दिवसापासून गप्प.
ब आठव्या दिवशी ताटलीवर फुटली:
मोहरीहून बारीक, पिवळट ठिपके,
आणि प्रत्येकाभोवती दुधाळ थर विरघळून
काचेसारखं कडं.
मॅडम म्हणाल्या, "नाव नंतर बघू. आधी नंबर टाक."

मग कॅन भरून परत त्याच कोपऱ्यात.
शेणखतात कालवलं, गोणपाट झाकलं,
रोज संध्याकाळी दोन तांबे पाणी.
काका उकिडवे बसून बघायचे.
दिसत काहीच नव्हतं, तरी बघायचे.
पंप घेऊन एकदा सवयीनं तिथंच आले,
झाकण अर्धं फिरवलं,
आणि थांबले. पंप ठिबकत राहिला.
कुठं धुवावा, हे मलाही सांगता येईना.

चाळिसाव्या दिवशी रिपोर्ट आला:
शंभरातलं सत्तावीस उरलंय.
वाचून दाखवला.
काकांनी बराच वेळ टोपी झटकली.

"सगळं संपल्यावर काय खातील गं ही?"
"मरतील. बहुतेक."
"आमचंच खाऊन आमच्यासाठीच मरायचं म्हण की."
उठून घरात गेले,
कडक भाकरीचा तुकडा आणला, तळहातावर चुरला,
गोणपाट उचलून खाली पसरला.

प्रयोग बिघडला, हे मला कळत होतं.
गाडी यायला वेळ होता. वही उघडली, लिहिलं:
दिवस चाळीस. प्लॉट ब.
ज्वारीची भाकरी, अंदाजे पाव.